रुतलेली मोटार आणि डिफरन्शिअलचें कुलूप

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, गोव्याच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, शिरोडा हें गांव वसलें आहे. सन १९३० च्या मे महिन्यांत येथील मिठागरांवर झालेल्या सत्याग्रहामुळें या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. आणि १९२० पासून १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर येथील शाळेंत अध्यापन करीत असल्यामुळें मराठी वाचकांच्या मनांत तें कायमचें राहिलें. परंतु प्रस्तुत भाषणाचा विषय मीठ नव्हे कीं वाङ्मयहि नव्हे. शिरोड्याची भूमि आणि तिच्यावरून ओझें वाहून नेणारीं मोटारीचीं चाकें, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे.

या गांवाच्या आसपास दोन-तीन कोसांच्या टापूंत चाकाला तीन प्रकारच्या जमिनी भेटतात. पश्चिमेस वेळागरची पांढरी पुळण. ती पायाखालीं मऊ आणि चाकाखालीं दगलबाज. मिठागरांच्या आणि खाडीच्या कांठीं काळा, चिकट चिखल. आणि पूर्वेकडे चढत जावें तों जांभ्या दगडाचा सडा व त्यावरची तांबडी माती. याच दगडाला फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं मलबारच्या प्रवासवर्णनांत लॅटेराइट असें नांव दिलें. जमिनींतून कापतांना तो मऊ असतो व हवा लागतां लागतां कठीण होतो, म्हणून कोंकणांतील घरें शतकानुशतकें त्याच्या चिऱ्यांनीं उभीं राहिलीं. दक्षिणेकडील रेडी हें तर लोहखनिजाच्या खाणींमुळें प्रसिद्धीस आलेलें गांव. अशा मुलखांत चिरे, माती, खडी आणि खनिज वाहणाऱ्या गाड्यांना डांबरी सडक सोडून आंत शिरावेंच लागतें; आणि वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस जेथें पडतो, तेथें आंत शिरलेली गाडी बाहेर येईलच असें नाहीं.

गाडी रुतते त्या वेळचें दृश्य बहुतेकांच्या परिचयाचें आहे. चिरेखाणीच्या वाटेवर भरलेली गाडी उभी असते. एंजिन गर्जत असतें, धूर निघत असतो, मागचें एक चाक गरगर फिरून चिखलाचे फवारे उडवीत असतें. आणि दुसरें चाक, जें घट्ट जमिनीवर असतें, तें मात्र जागचें हलतहि नाहीं. चार माणसें मागून ढकलतात, एकजण चाकाखालीं दगड घालतो. तोच दगड चाकाखालून सुटून मागें उभ्या असलेल्या माणसावर यावा, किंवा गाडी एकाएकीं मागें सरावी, अशी भीति प्रत्येक क्षणीं असते. दिवसाची मजुरी तर बुडतेच. पण हातापायावरहि प्रसंग येतो. एवढें शंभर घोड्यांचें बळ असलेलें यंत्र एका चाकाच्या चिखलापुढें कां हरतें, हा प्रश्न पाहणाऱ्याला साहजिकच पडतो. त्याचें उत्तर मागील आंसाच्या मध्यावर जो लोखंडी गोळा दिसतो त्याच्या पोटांत आहे. त्या गोळ्यांत डिफरन्शिअल नांवाचें दांतेरी चाकांचें यंत्र असतें.

बैलगाडीला हें यंत्र लागत नाहीं. बैल जूं ओढतात, चाकें केवळ मागोमाग फिरतात, आणि प्रत्येक चाक आंसावर स्वतंत्र असतें. मोटारींत उलट आहे. तेथें चाकच गाडीला पुढें ढकलतें, म्हणून एंजिनाची शक्ति दोन्ही चाकांपर्यंत पोंचवावी लागते. दोन्ही चाकें एकाच दांड्यावर घट्ट बसवलीं असतीं तर काम सोपें झालें असतें. पण मग वळण घेतां आलें नसतें. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. त्याचें गणित मोठें मनोरंजक आहे. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरलें, तर पूर्ण वर्तुळ फिरून येतांना बाहेरचें चाक सुमारें ९.४ मीटर अधिक चालतें. वर्तुळ लहान असो वा मोठें, फरक तेवढाच. साधारण जीपच्या चाकाचा घेर २.४ मीटरांच्या जवळपास असतो. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां जवळजवळ एक फेरा अधिक घेतें. हा एक फेरा घेण्याची मोकळीक देणें, हेंच डिफरन्शिअलचें काम. सन १८२७-२८ च्या सुमारास ओनेसिफोर पेकेर या फ्रेंच घड्याळजीनें आपल्या वाफेच्या गाडीसाठीं हें यंत्र योजलें, आणि आज रस्त्यावरील बहुतेक प्रत्येक मोटारींत तें आहे.

पण या मोकळिकीची किंमत द्यावी लागते. साधें डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमीं सारखाच जोर देतें. आणि तो सारखेपणा दुबळ्या चाकाच्या मापानें ठरतो. समजा, उजवें चाक घट्ट जमिनीवर असून तें ३०० किलोंची ओढ पेलूं शकतें, आणि डावें चाक चिखलांत असून २० किलोंवरच घसरतें. तर उजव्यालाहि २० च मिळतात. एकूण ओढ ४० किलो, आणि भरलेली गाडी जागच्या जागीं! एका भावानें कमी घेतलें म्हणून दुसऱ्यालाहि तेवढेंच देणाऱ्या वांटणीसारखा हा न्याय आहे. तोच डिफरन्शिअल कुलूप लावून बंद केला, म्हणजे दोन्ही चाकें एकाच दांड्यावर असल्याप्रमाणें फिरूं लागतात. डावें आपले २० देतें, उजवें आपले ३००, आणि एकूण ओढ ३२० किलोंवर जाते. कुलुपानें नवी शक्ति निर्माण होत नाहीं. जी जमिनींत होती पण मिळत नव्हती, ती मिळूं लागते.

या एका वाक्यांत निवडीचें निम्में शहाणपण आहे. दोन चाकांखालची जमीन जितकी असमान, तितका कुलुपाचा लाभ मोठा. एक चाक चराच्या कडेवर आणि दुसरें चरांत, एक दगडावर आणि दुसरें चिखलांत, एक जमिनीवर आणि दुसरें अधांतरीं, अशा ठिकाणीं कुलूप चमत्कार करतें. परंतु वेळागरच्या पुळणीवर दोन्ही चाकांखालीं वाळू सारखीच भुसभुशीत असते. तेथें दोन दुबळ्यांची बेरीज केली तरी फारसा फरक पडत नाहीं; कुलूप लावून चालकानें जोर केला तर एका चाकाऐवजीं दोन चाकें खड्डा खणूं लागतात. वाळूंत खरा उपाय टायरमधील हवा कमी करण्याचा आहे, म्हणजे टायर पसरतो आणि भार मोठ्या जागेवर वांटला जातो. घट्ट रस्त्यावर येतांच हवा पुन्हां भरावी लागते, म्हणून पंप बरोबर हवा. शिवाय वेंगुर्ले तालुक्याच्या किनाऱ्यावर समुद्रकासवें अंडीं घालण्यास येतात. पुळणीवर गाडी घालण्याची हौस मुळांतच आवरलेली बरी. शिरोड्याकडे जो खरोखर कुलुपाचा विचार करतो, त्यानें डोळ्यांपुढें पुळण नव्हे, तर पावसाळ्यांतील तांबड्या मातीची, चर पडलेली वाट ठेवावी.

चारहि चाकांना शक्ति देणारी गाडी घेतली म्हणजे प्रश्न सुटला, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. अशा गाडींत पुढच्या आंसावर एक आणि मागच्या आंसावर एक, अशीं दोन साधीं डिफरन्शिअलें असतात. वाट पिळवटलेली असली आणि पुढचें डावें व मागचें उजवें चाक एकाच वेळीं हलकें झालें, तर तीं दोन हलकीं चाकें सारी शक्ति गिळून बसतात, आणि चारचाकी ओढीची गाडी दोन दगडांमध्यें लटकत राहते. त्याचप्रमाणें खाणींवर चालणाऱ्या दहाचाकी टिप्परला मागें दोन आंस असतात, आणि त्या दोन आंसांच्या दरम्यान आणखी एक डिफरन्शिअल असतें. त्यालाहि स्वतंत्र कुलूप असतें, आणि तें लावल्याशिवाय एका आंसाचें घसरणें दुसऱ्या आंसालाहि पंगु करतें.

आतां कुलुपांच्या जाती पाहूं. पहिली जात खऱ्या अर्थानें कुलूप नव्हे. तिला घसरण-मर्यादक डिफरन्शिअल म्हणतां येईल. त्यांत घर्षणाच्या चकत्या असतात, किंवा तिरप्या दांत्यांचीं चाकें एकमेकांवर दाबलीं जातात. १९३५ सालीं फर्डिनंड पोर्शे यांनीं शर्यतीच्या मोटारीसाठीं जर्मनींतील झेड. एफ. कारखान्याकडून असें यंत्र करवून घेतलें होतें. घसरणाऱ्या चाकाचा जोर तें कांहीं पटींनीं घट्ट चाकाला देतें, आणि चालकाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. ओल्या डांबरी रस्त्यावर तें उत्तम. पण एक चाक पूर्ण अधांतरीं गेलें, तर दांतेरी जातीचें यंत्र हतबल होतें, कारण शून्याची कितीहि पट केली तरी शून्यच. अशा वेळीं ब्रेक हलकेच दाबून धरला, तर चाकाला कृत्रिम प्रतिकार मिळतो व गाडी निघते. ही युक्ति जाणत्या चालकांना ठाऊक असते. चकत्यांच्या जातींत चकत्या झिजतात, आणि तिला ठरवून दिलेलेंच तेल घालावें लागतें.

दुसरी जात आपोआप लागणाऱ्या कुलुपांची. यांच्यापैकीं कांहीं नेहमीं बंद असतात आणि वळणावरच उघडतात; तीं दणकट खरीं, पण उघडतांना-लागतांना खटका बसतो, आणि निसरड्या वळणावर गाडी अनपेक्षित वागते. कांहीं याच्या उलट नेहमीं उघडीं असतात. दोन चाकांच्या गतींतील फरक मिनिटास सुमारें १०० फेऱ्यांवर गेला कीं आंतील एक लहानसें गतिनियामक वजन बाहेर फेंकलें जातें आणि कुलूप लागतें. गाडीनें वेग घेतला कीं सुटतें. नाशिक येथें तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या थार गाडीच्या २०२० च्या आवृत्तींत मागच्या आंसावर असें यांत्रिक कुलूप दिलें गेलें. याचा गुण असा कीं, चालकाला कांहींच करावें लागत नाहीं. दोषहि तोच: चाक आधीं घसरावें लागतें, मगच कुलूप लागतें, आणि घसरलेल्या चाकानें तोंपर्यंत थोडा खड्डा केलेला असतो.

तिसरी जात चालकाच्या हुकुमानें लागणाऱ्या कुलुपांची. दांडी ओढून, वीज सोडून, किंवा दाबलेल्या हवेनें हीं लागतात. पुण्याजवळील आकुर्डीच्या फोर्स मोटर्स या कंपनीनें (२००५ पूर्वी तिचें नांव बजाज टेम्पो असें होतें) २०२१ सालीं जी गुरखा गाडी बाजारांत आणली, तिच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आंसांना चालकानें हातानें लावण्याचीं कुलुपें दिलीं. २०२२ मध्यें भारतांत आलेल्या टोयोटाच्या हायलक्स या भारवाहू गाडींत, आणि २०२४ मध्यें आलेल्या थार रॉक्सच्या चारचाकी ओढीच्या गाडींत मागच्या आंसावर विजेचें कुलूप आहे. ऑस्ट्रेलियांतील ए. आर. बी. या कंपनीचें हवेचें कुलूप मागाहून बसवतां येतें. त्यासाठीं हवा दाबणारें लहान यंत्र व नळी लागते. या जातीचा मोठा गुण हा कीं, कुलूप नसेल तेव्हां गाडी अगदीं साध्या गाडीसारखी चालते, आणि असेल तेव्हां ओढ पूर्ण मिळते. उणीव एवढीच कीं, चालकानें आधीं विचार केला पाहिजे.

याशिवाय नव्या गाड्यांत घसरणाऱ्या चाकाचाच ब्रेक आपोआप दाबणारी विजेची योजना असते. ती हलक्या प्रसंगीं पुरते, पण दीर्घ चढणीवर ब्रेक तापतात. आणि कांहीं ठिकाणीं डिफरन्शिअलचीं आंतील चाकें वेल्ड करून कायमचीं जोडण्याचा स्वस्त उद्योगहि चालतो. तो कोणींहि करूं नये. डांबरी वळणावर तो एक जादा फेरा घेण्यास चाकाला वाव उरत नाहीं; मग टायर घांसतात, एक्सल पिळतात, आणि आंबोलीच्या घाटांत पावसानें न्हालेल्या नागमोडी रस्त्यावर अशी गाडी चालकाच्या हातांत राहत नाहीं.

घाटाचा उल्लेख आला म्हणून निवडीचें उरलेलें निम्में शहाणपणहि सांगितलें पाहिजे. गाडी चिखलांत अर्धा तास असते आणि सडकेवर चार तास. शिरोड्याहून निघालेली गाडी सावंतवाडीला जाते, कधीं आंबोली चढून वर जाते. तिच्यांत माणसें असतात, समोरून एस्. टी. येत असते. म्हणून कुलूप निवडतांना तें लागलें असतां गाडी किती चढते एवढेंच पाहूं नये; सुटलें असतां ती किती साधेपणानें वळते, हेंहि पाहावें. या कसोटीवर चिरे किंवा खडी वाहणाऱ्यानें मागच्या आंसाचें, हातानें लागणारें कुलूप घ्यावें हें उत्तम. भार मागें असतो, चढावर तो आणखी मागें सरकतो, म्हणून मागच्या चाकांनाच पकड अधिक असते. पहिला खर्च तेथेंच फळतो. पुढच्या आंसाचें कुलूप ही नंतरची गोष्ट. तें लागलें असतां स्टिअरिंग जड होतें व गाडी सरळच जाऊं पाहते. निष्णात चालकानें खडकाळ वाटेवर क्षणभर वापरण्याचें तें साधन आहे. ज्या घरांत एकच गाडी आहे, ती कधीं मुलगा चालवतो, कधीं सून चालवते, आणि वाट पावसाळ्यापुरतीच बिघडते, तेथें आपोआप लागणारें व वेगांत सुटणारें यांत्रिक कुलूप पुरे.

किंमतीखेरीज आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्या. पहिली, एक्सलची ताकद. साध्या डिफरन्शिअलमध्यें प्रत्येक एक्सलवर निम्माच जोर येतो. कुलूप लागल्यावर सारा जोर एकाच एक्सलवर येऊं शकतो. मोठे टायर आणि कुलूप दोन्ही एकदम घेणाऱ्याचा एक्सल मोडला तर त्यांत नवल नाहीं. दुसरी, खारी हवा. किनाऱ्यावर तारांचीं टोकें हिरवीं पडतात, नळ्यांच्या जोडांतून हवा झिरपते, दांडीच्या तारा गंजतात. शिरोड्यासारख्या गांवीं जितकें साधें यंत्र तितकें दीर्घायुषी. आणि जें असेल तें महिन्यांतून एकदां मातीच्या वाटेवर लावून-सोडून पाहावें, म्हणजे गरजेच्या वेळीं तें अडून बसत नाहीं. गाडी पाण्यांतून गेली असेल तर डिफरन्शिअलचें तेल तपासावें; तें दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजून बदलावें. तिसरी, कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करण्यास आळा घालतें. म्हणून कारखान्यांतूनच बसवून आलेलें कुलूप सर्वांत निर्धास्त. मागाहून बसवावयाचें तर आधीं नोंदणी कार्यालयांत विचारावें.

उरली वापरण्याची रीत. कुलूप रुतल्यावर लावण्याची वस्तु नव्हे. रुतण्यापूर्वीं लावण्याची आहे. कठीण जागा दिसतांच गाडी थांबवावी, चाकें स्थिर असतांना किंवा अगदीं सावकाश फिरत असतांना कुलूप लावावें, आणि खालच्या गियरमध्यें संथपणें पुढें जावें. एक चाक गरगर फिरत असतांना दांडी ओढली तर आंतील दांते तुटतात. घट्ट जमीन लागतांच तें सोडावें. आणि एक धोका विशेष लक्षांत ठेवावा. आडव्या उतारावरून, म्हणजे एका बाजूस कललेल्या निसरड्या वाटेवरून जातांना कुलूप लावूं नये. साध्या डिफरन्शिअलमध्यें एक चाक घसरलें तरी दुसरें जमीन धरून गाडीला आडवी सरूं देत नाहीं. कुलूप लागलें असतां दोन्ही चाकें एकदम घसरतात, आणि जी मागची बाजू आतांपर्यंत वाटेवर होती ती खालच्या व्हाळाकडे निघते. तांबड्या मातीच्या कोंकणी वाटांवर अशा जागा पावलोपावलीं आहेत.

डिफरन्शिअलचें कुलूप हें अडचणीच्या जागीं शिरण्याचा परवाना नव्हे. तें असलें तरी झिजलेल्या टायरांना पकड येत नाहीं, आणि पहिल्या पावसांत खचलेली वाट पक्की होत नाहीं. परंतु योग्य जागीं, योग्य वेळीं लावलेलें साधें, दणकट कुलूप चार माणसांना चाकामागें उभें राहण्याच्या प्रसंगापासून वांचवतें. गाडी घेणाऱ्यानें दुकानांत पैसे मोजण्यापूर्वीं आपली रोजची वाट एकदां पायीं चालून पाहावी: चर कोठें आहेत, व्हाळ कोठें ओलांडावा लागतो, उतार कोणत्या बाजूस कलतो, आणि डांबरी सडक कोठें लागते. कोणतें कुलूप घ्यावें, याचें उत्तर बहुधा त्या वाटेवरच मिळतें.